डोळा नसलेला मोर

कुंभारीच्या पुढच्या माळावर आम्ही
चंद्र शोधत नव्हतो.
एवढंच बघत होतो, की वरून सोडलेलं यंत्र
कुणी न सांगता
नेमक्या जागी पाय टेकतं का.

अठ्ठावीस किलो. चार पाय. पोटाखाली एक कॅमेरा.
साठ मीटरवर ड्रोन त्याला सोडून द्यायचा
आणि मग खालच्या माणसांनी
हात मागे बांधून उभं राहायचं, असा नियम.
रिमोट गाडीत, गाडीची किल्ली इरण्णाच्या खिशात,
इरण्णा लिंबाखाली.

पहिल्यांदा फक्कीनं चौकोन आखला.
वैशाखातलं वारं. अकरा वाजेपर्यंत
चौकोन शेजारच्या तुरीच्या धसकटांत गेला होता.
मग फ्लेक्स अंथरला,
कुणाच्या तरी वाढदिवसाचा, उलटा करून.
तो उन्हात असा चकाकला
की यंत्रानं पाणी समजून त्याला टाळलं
आणि दगडांत उतरून एक पाय मोडून घेतला.

चमकणार नाही, उडणार नाही
असं अंथरायला काय मिळेल?
तरन्नुमनं विचारलं, आणि
हे सोलापुरात विचारावं लागतंय
याचं तिलाच आधी हसू आलं.

नवी कोरी चादर. चारी कोपऱ्यांवर मुरमाचे धोंडे.
आठ ओळी, ओळीत सहा मोर.
लक्ष्य: तिसऱ्या ओळीतला चौथा.

यंत्र खाली आलं, आणि अधांतरी थांबलं.
एका मोरावरून दुसऱ्यावर,
दुसऱ्यावरून परत पहिल्यावर,
गड्ड्याच्या जत्रेत बापाचं बोट सुटलेलं पोर
दिसेल त्या बाराबंदीकडे धावावं तसं.
चौदा सेकंद.
मग बॅटरी संपत आली
आणि ते कुठल्यातरी मोरावर बसलं.
पडद्यावर उमटलं: जुळणाऱ्या जागा, अठ्ठेचाळीस.

रात्री जेवताना नान्नांना सांगितलं.
चाळीस वर्षं जेकार्डवर. मागाच्या खडखडाटानं कान नेले,
म्हणून सांगायचं म्हणजे ओरडायचं.
शेजारच्या यमुलांनाही सगळं कळलं.
नान्ना भाकरी मोडत म्हणाले,
"सगळे सारखे यावेत
म्हणूनच तर मजुरी द्यायचे."

हात धुऊन उठले. ट्रंकेतून एक चादर काढली,
जुनी, पण एकदाही न वापरलेली.
त्या दिवशी ताण्याच्या दोन तारा तुटल्या,
कळायला उशीर झाला.
लक्ष कुठं होतं, ते सांगितलं नाही.
एका मोराला डोळा आला नाही, बस्स.
मालकानं सेकंड म्हणून मजुरी कापली
आणि चादर अंगावर टाकली.
नान्नांनी ती कधी अंगावर घेतली नाही.

सकाळी सहा चाळीस. वारं पडलेलं.
यंत्र सुटलं, घसरलं, सावरलं,
बारा मीटरवर क्षणभर श्वास धरल्यासारखं थांबलं
(श्वास आमचा, त्याचे पंखे चालूच होते)
आणि तिरपं होत
सत्तेचाळीस शहाण्या मोरांना ओलांडून
त्या एका आंधळ्याकडे गेलं.
चूक: नऊ सेंटीमीटर.

अहवालात भूखूण या रकान्यापुढे
मी बराच वेळ काही लिहिलं नाही.
मग लिहिलं, विणकामातला दोष.
मग दोष खोडलं. मग परत लिहिलं.

नान्नांनी व्हिडिओ तीनदा पाहिला.
"खाली बघत बघत येतंय," म्हणाले,
"तार तुटली की आम्ही पण असंच वाकायचो."

दुपारी बेंगळुरूहून फोन आला.
अभिनंदन वगैरे झालं. पुढच्या चाचण्यांना
अशा वीस चादरी लागतील,
प्रत्येकीत एकच चूक, वेगवेगळ्या जागी,
कारागीर बनवून देतील का?

मी कानाशी जाऊन ओरडून विचारलं.
नान्नांनी विडी विझवली.
"वीस?"
बोटं उगाच गाठ मारल्यासारखी हलली.
"मुद्दाम नाही जमायचं गं.
हात ऐकणार नाही."